तार मिळाल्यापासून

"तुम्ही कुठून आलात?" असं मास्तरांनी जन्मात कुणाला विचारलं नसेल. ते विचारायचे, "निघालात कधी?"

नगरच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न माझ्या अंगावर आला. समोर एक उंच, वाळकुडा माणूस उभा होता. कधीकाळी काळा असलेला कोट, गोंडा उडालेली तुर्की टोपी, आणि कोटाच्या खिशातून लोंबणारं लाल रेशमाचं टोक. ते भूगोल शिकवतात एवढंच मला सांगितलं गेलं होतं.

"पहाटे निघाले," मी म्हटलं.

"बेलापूरच्या गाडीनं? गाडी वेळेवर होती?"

"हो."

"मग घर स्टेशनापासून लांब दिसतंय. स्टेशनापर्यंत बैलगाडी की पायी?"

मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "बैलगाडी." तर स्वारी खूष झाली. "छान. म्हणजे वाईट बातमी मिळाली तर बाई त्याच दिवशी घरी पोचतील. चांगली नोकरी निवडलीत."

नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणी असं बोलतं का? ह्या माणसापासून चार हात लांब राहायचं असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ते काही मला जमलं नाही.

मास्तर भूगोल शिकवत, पण मैल हा शब्द त्यांना खपत नसे. मैल दगडावर लिहायला ठीक आहेत, ते म्हणायचे, दगडाला कुठं जायचं असतं? नद्या, डोंगर, पिकं हे सगळं ते इतरांसारखंच शिकवायचे. पण एखादं गाव आलं की गाडी रुळावरून घसरायची. राळेगण म्हणजे पायी निघालं आणि डोक्यावर ओझं नसलं तर अमुक वेळ, ओझं असलं तर तमुक, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर देवाला ठाऊक. शिंगणापूरचं नाव निघालं की ते हमखास सांगत, "तिथं घरांना दारं नाहीत, तेव्हा कडी वाजवून वाट बघायचा वेळ वाचतो." मुली हसायच्या. मास्तर हसायचे नाहीत, कारण त्यांनी तो वेळ खरोखरच हिशोबात धरलेला असायचा.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. चौथीच्या वर्गात त्यांनी एका मुलीला विचारलं, "नगरहून दिल्ली किती लांब?" मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "कुठल्या महिन्यात, साहेब?" आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी कपाळाला हात लावला. मास्तर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की साहेबांना रागावताही येईना.

परीक्षेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. 'तार मिळाल्यापासून तुम्ही नाशिकला मावशीकडे किती वेळात पोचाल? वाटेतल्या अडचणी गृहीत धरा.' मुली बिचाऱ्या मनमाडची गाडी, टांगा, पाऊस, सगळं लिहायच्या. एकीनं नुसतं एक वाक्य लिहिलं, 'मावशी आवडती असेल तर लवकर.' मास्तरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मी त्यावरून त्यांच्याशी वाद घातला, तर म्हणाले, "बाई, बाकीच्या वर्गानं रस्ता मोजला. हिनं प्रवासी मोजला."

त्यांच्याकडे पृथ्वीचा एक गोल होता. छावणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी परतताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात लोकांनी खुर्च्या घेतल्या, ह्यांनी गोल घेतला. तो कधीतरी पडलेला होता, त्यामुळे पॅसिफिक महासागराला चांगला खळगा होता. "तिकडं आपलं कुणी नाही," मास्तर म्हणायचे, "पोचा आला तो बऱ्या ठिकाणी आला." शेजारी साड्या विणणाऱ्यांचे माग होते. तिथून ते लाल रेशीम मागून आणत. सुती धागा ताणला की वाढतो, रेशीम खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. गोलावर दोन गावांवर दोन बोटं ठेवायची, मध्ये धागा ताणून धरायचा, आणि धागा जिथून जाईल तिथून विमान जाणार. भिंतीवरच्या नकाशात सरळ वाटणारी वाट ह्या गोलावर भलतीकडूनच जायची. आम्हाला गंमत वाटे. तो गोल आज माझ्या कपाटावर आहे. मास्तर गेल्यावर त्यांच्या बहिणीनं तो मला आणून दिला.

एक सवय मात्र मला उमगली नव्हती. मास्तर कुणाकडेही मुक्कामाला राहत नसत. लग्न असो, उरूस असो, परतीची गाडी गाठायचीच. जेवण अर्धं टाकून उठताना मी त्यांना पाहिलं आहे. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, घरी वाट बघणारं कुणी नाही. तरीसुद्धा "घरी तार आली तर?" एवढं एकच उत्तर.

युद्धाच्या दिवसांत नगरवरून अधूनमधून विमान जायचं. आवाज आला की मास्तर शिकवणं थांबवून अख्खा वर्ग पटांगणात काढत. चांदबीबीच्या महालाच्या डोंगरावर विमान दिसलं की खिशातलं घड्याळ बाहेर, आणि ते शाळेच्या लिंबावर येईपर्यंत ओठ हलत राहायचे. एक दिवस हे हवालदाराच्या नजरेस पडलं. टोपीवाला माणूस घड्याळ लावून विमानं मोजतोय म्हटल्यावर त्यानं त्यांना सरळ चौकीत नेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला मागोमाग पाठवलं. मी पोचले तेव्हा फौजदार टेबलावर हात आपटून विचारत होते, "इमानाच्या येळा कुनासाठी काढता?"

"ज्याचं माणूस लांब आहे त्याच्यासाठी," मास्तर म्हणाले.

फौजदारांनी हवालदाराला बाहेर घालवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझा थोरला मिसरात हाय. पल्टनीत. तिथनं मानूस यायचा झाला तर किती येळ?"

गोल शाळेत राहिला होता. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि चौकीतला पाण्याचा माठ ओढून घेतला. खडूनं एक खूण काढली, हे नगर. दुसरी काढली, हे कैरो. मधे धागा ताणला. "विमानानं दीड दिवस धरा. पण खोटं सांगत नाही फौजदारसाहेब, तुमच्या मुलाला विमानात कुणी बसवणार नाही. जहाजानं, सुटी मिळाल्यापासून, पंधरा दिवस. समुद्रात धोका असला तर वीस."

"वीस तर वीस," फौजदार म्हणाले आणि डोळे पुसले. "मला वाटलं हुतं काय की दोन-चार महिने लागत्यात." मास्तरांना त्यांनी चहा पाजून सोडलं. त्या माठावरच्या खुणांना त्यांनी युद्ध संपेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मुलगा सुखरूप परत आला, तेव्हा त्याला आधी तो माठ दाखवला म्हणे.

फाळणी होऊन स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मास्तरांचाच प्रश्न लोक त्यांना विचारू लागले. "मास्तर, निघणार कधी?" कुणी काळजीनं विचारायचं, कुणी वेगळ्याच सुरात. मास्तर दोघांनाही एकच सांगत, "मी पोचलेला आहे." आणि वर्गावर जात.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण मास्तर मला खरे कळले ते तिच्यामुळे. माझं लग्न लहानपणी झालं आणि लहानपणीच संपलं. त्यानंतर वडिलांनी मला नगरला शिकायला ठेवलं, आणि शिकून मी शिक्षिका झाले. वडिलांचा स्वभाव शांत. बेलापूरजवळच्या मळ्यातल्या आमच्या घरात सत्ता चालायची ती आत्याबाईंची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीची. उसाला पाणी कधी द्यायचं इथपासून लेक कुठं द्यायची इथपर्यंत सगळं त्याच ठरवीत. आणि त्यांचा एक नियम होता. घरातली लेक एका मुक्कामाच्या पलीकडे पाठवायची नाही. मुक्काम म्हणजे वाटेत बैल सोडावे लागतात आणि माणसाला अंथरुणावर पाठ टेकावी लागते ती जागा. असे दोन झाले की लेक परकी झाली, असं आत्याबाई मानत.

ह्या नियमाला शहाणी माणसं हसत. मी कधी हसले नाही. माझा नवरा गेला आणि सासरी माझे हाल सुरू झाले, तेव्हा निरोप मिळाल्यावर वडील गाडी जुंपून निघाले आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन घरी आले. मधे एकच मुक्काम होता म्हणून.

तर अशा घरात मी एक दिवस कागद घेऊन गेले. लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र शिकायला लंडनला जायचं, एक वर्ष. शिष्यवृत्ती मिळाली होती. जिल्ह्यातून मी एकटी. मला जायचं होतं, इतकं जायचं होतं की त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाटंत मुक्काम किती?" जहाजाचा प्रवास तीन आठवड्यांचा. विषय तिथं संपला.

नगरला परतून मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांनी फक्त रविवारी स्टेशनवर या म्हटलं. जाऊन पाहते तर धोतरात गुंडाळलेला गोल घेऊन उभे. "चला बाई, आत्याबाईंना भेटून येऊ. परतीची गाडी संध्याकाळची आहे." गाडीत शेजारच्या शेतकऱ्यानं गाठोड्यावर टिचकी मारून विचारलं, "भोपळा कुठला म्हनायचा?" मास्तर म्हणाले, "सगळीकडचा."

आत्याबाई ओट्यावर तुरी निवडत बसल्या होत्या. मास्तरांना त्यांनी घोंगडं टाकून दिलं, गूळपाणी दिलं, आणि पुन्हा सुपात हात घातला. वडील खांबाला टेकून बसले. मास्तरांनी गोल सोडला, मुंबईवर माझं बोट ठेवायला लावलं, लंडनवर स्वतःचं ठेवलं आणि धागा ताणला.

"आत्याबाई, आता मुंबईहून लंडनला आपल्या देशाचं विमान जायला लागलंय. सरळ गेलं तर साडेचार हजार मैल. ते वाटेत कैरोला थांबतं, जिनिव्हाला थांबतं, म्हणून थोडी वाकडी वाट. एक दिवस आणि वर थोडा वेळ. तार मिळाल्यापासून—"

"त्ये मैल ऱ्हाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या. "थांबतं म्हंजी मुक्काम करतं?"

"नाही. तेल भरतं आणि निघतं."

"बैलं सोडत न्हाईत?"

"तिथं बैल नसतात."

"मानसं तर हायती न्हवं? ती पाठ टेकत न्हाईत?"

"बसल्या जागी डुलकी काढतात."

आत्याबाईंचा हात सुपात थांबला. "गाडीत डुलकी म्या बी काढती. त्यो मुक्काम न्हवं." आणि वडिलांकडे, घरातल्या सगळ्यांच्या दादांकडे, वळून म्हणाल्या, "दादा, आरं लंडनला मुक्कामच न्हाई. ह्या हिशेबानं पूर आल्यावर आपलं नगर लांब पडतं."

झालंच होतं काम. मास्तरांनी एवढ्यावर गोल गुंडाळला असता तर आम्ही परतीची गाडी आरामात गाठली असती.

पण मास्तर घसा खाकरून म्हणाले, "आत्याबाई, दोन गोष्टी राहिल्या. शिष्यवृत्तीवाले जहाजाचंच भाडं देतात. आणि विमान रोज नसतं. आठवड्यातून एकदा. तार आज मिळाली आणि विमान कालच गेलं असेल, तर बाईंना हातपाय चोळत बसावं लागेल."

मी डोळे मिटून घेतले. ह्या माणसाला आत्ताच्या आत्ता मळ्यातल्या विहिरीत ढकलावं असं मला वाटलं, हे मी लपवणार नाही.

"मंग ह्ये आदी का न्हाई बोललासा?" आत्याबाईंनी विचारलं.

"आधी बोललो असतो तर तुम्ही पुढचं ऐकलं नसतं. आणि बोललोच नसतो तर मी पुन्हा तेच केलं असतं."

"काय केलं आसतं?"

मास्तर धाग्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग जे त्यांनी इतक्या वर्षांत शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं ते आमच्या ओट्यावर सांगितलं. त्यांची थोरली बहीण, आपा, आफ्रिकेत नैरोबीला दिलेली. तिचे यजमान तिथं रेल्वेत फिटर. अम्मी आजारी पडल्यावर मास्तरांनी तार केली आणि नकाशावर पट्टी ठेवून जहाजाचा हिशोब मांडला. अम्मीला सांगितलं, अमक्या दिवशी आपा येणार. त्या दिवशी अम्मीनं खाट दाराकडे फिरवून घेतली. "मी समुद्र मोजला होता. बंदरावर जहाजाची वाट बघावी लागते, ते मोजलं नव्हतं. वारा मोजला नव्हता. रोज अम्मी विचारायची, आज? मी म्हणायचो, उद्या. आपा आली तेव्हा घरात मातीला आलेली माणसं बसली होती. आठ दिवस राहिली आणि गेली. मला काही बोलली नाही. आता ईदेला पत्र येतं. ये असं मी लिहीत नाही, येते असं ती लिहीत नाही."

आत्याबाई सूप बाजूला ठेवून उठल्या आणि उसाचं पाणी बघायला निघून गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या, हातपाय धुतले, आणि हातातल्या सोन्याच्या दोन्ही पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"जायाला जहाजानं जा. जायाची काय घाई न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या मोडून दादा तुझ्या नावानं ठिवंल. त्याला हात लावायचा त्यो परत यायच्या इमानासाठीच. दुसऱ्या कशाला लावलास तर माजी आन हाय." मग मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "ह्यो मानूस आपल्या तोट्याचं बी सांगतो. ह्याच्या शब्दावर पोर धाडती म्या."

मी रडले. आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवून रडले. तोवर मास्तर गोल गुंडाळून उभे होते आणि घड्याळ बघत होते. परतीची गाडी गाठायची होती.

लंडनबद्दल मी इथं लिहीत नाही. थंडी होती, भाज्या उकडलेल्या होत्या आणि शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. वर्ष संपायला थोडे दिवस उरले असताना तार आली. मास्तरांनीच केली होती. आत्याबाईंना विषमज्वर, लवकर या. विमानाला दोन दिवस होते. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. विमानाचा वार मी मास्तरांना उलट तारेनं कळवला.

विमानात मला भीती वाटली नाही. भीतीला जागाच नव्हती. कैरोला मात्र वाळूचं वादळ आलं आणि विमान अडकलं. सगळ्यांना एका हॉटेलात नेलं, खोल्या दिल्या, पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेले पलंग दिले. मी खोलीच्या दारातून तो पलंग पाहिला आणि मागे फिरले. बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन ताठ बसले आणि तशीच बसून राहिले. पाठ टेकली की मुक्काम झाला, आणि मुक्काम झाला की आत्याबाई हातच्या गेल्या, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. शिकवण्याचं शास्त्र शिकून आलेली बाई मी. हॉटेलच्या माणसानं दोनदा विचारलं, काही त्रास होतोय का. मी मान हलवली आणि बसून राहिले.

मुंबईहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून बेलापूर. मी कुठल्या गाडीनं येणार हे मलाच माहीत नव्हतं, मग कळवणार कसं? पण स्टेशनात गाडी शिरली तेव्हा फलाटावर तुर्की टोपी दिसली. मास्तर आदल्या दिवसापासून, रात्री नगरला परतून पहाटे पुन्हा येत, प्रत्येक गाडीला उभे राहत होते. मला पाहून ते "कशा आहात" म्हणाले नाहीत.

"आत्याबाई आहेत," ते म्हणाले. "चला."

वडिलांनी पाठवलेली गाडी बाहेर उभी होती. चार दिवसांच्या पावसानं काळ्या रानातली वाट लोण्यासारखी झाली होती. अर्ध्या वाटेत चाक आसापर्यंत रुतलं. गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिळल्या, मी खाली उतरून मागून रेटा दिला, गाडी हलेना. मळा समोर दिसत होता. अर्ध्या जगावरून आलेली मी तिथं चिखलात उभी राहून रडायला लागले.

मास्तरांनी गोंडा उडालेली टोपी काढून माझ्या हातात दिली, वहाणा काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत वर सारली आणि पळत सुटले. साठीला टेकलेला तो उंच, वाळकुडा माणूस चिखलात घसरत, सावरत, उसाच्या कडेनं पळत होता. इतक्या वर्षांत मी त्यांना घाईनं चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं. मी लुगडं वर खोचलं आणि त्यांच्यामागे निघाले.

मी ओट्यापाशी पोचले तेव्हा ते खांबाला धरून धापा टाकत होते आणि आत बघून सांगत होते, "आल्या. आत्याबाई, आल्या. मागंच आहेत."

आत्याबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. ताप आदल्या दिवशी उतरला होता. अंगात नुसती हाडं उरली होती, पण डोळे तेच. खाट दाराकडे फिरवलेली होती. ती मास्तरांनी आदल्या दिवशी येऊन फिरवली, असं वडिलांनी मला मागाहून सांगितलं.

त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "वाटंत पाठ टेकलीस का गं कुटं?"

"नाही आत्याबाई."

"कुटंच न्हाई?"

"कुठंच नाही."

"मंग मुक्काम झालाच न्हाई," त्या म्हणाल्या आणि समाधानानं डोळे मिटले. जरा वेळानं उघडले तर ते मास्तरांवर. मास्तर दाराशी उभे होते. चिखल गुडघ्यापर्यंत होता. गाडी कशीबशी निघून अंगणात आली होती आणि बैल जुंपलेलेच होते, कारण मास्तरांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांचा हात खिशात गेला होता आणि लाल रेशमाचं टोक बाहेर आलं होतं.

"मास्तर," आत्याबाईंनी विचारलं, "तुमची भन कवा येती?"

मास्तर गडबडले. धागा बाहेर काढून बोटांवर ताणत म्हणाले, "नैरोबी म्हणजे, आत्याबाई, मोंबासापर्यंत रेल्वे, पुढं जहाज. विमानाचं बघितलं तर कैरोवरून फिरून..."

"मोजताय काय? बोलवा तिला."

मास्तरांचे हात तसेच हवेत राहिले. त्यांनी धागा गुंडाळला आणि खिशात टाकला. घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मग वडिलांना विचारलं, "इथलं तारघर कधी उघडतं?"

"सकाळच्याला," वडील म्हणाले.

मास्तर दारातच खाली बसले. आत्याबाईंनी खाटेवरूनच, होता नव्हता तेवढा आवाज लावून, अंगणातल्या गाडीवानाला हाक दिली.

"बैलं सोड रं."